माहीमचं गोडं पाणी, ऑगस्ट 2006: एका रात्रीचा प्रकरण अभ्यास

18 ऑगस्ट 2006, शुक्रवार. संध्याकाळनंतर माहीमच्या किनाऱ्यावर बातमी पसरली की खाडीचं पाणी गोडं झालंय. मखदूम बाबांचा दर्गा जवळच, त्यामुळे बातमीला कारणही लगेच चिकटलं: ही बाबांची कृपा. रात्रभर माणसं येत राहिली, वेगवेगळ्या धर्मांची, आसपासच्या वस्त्यांतली आणि लांबूनही. कुणी ओंजळीने पाणी प्यायलं, कुणी प्लास्टिकच्या बाटल्या भरून घरी नेलं. महापालिकेने पिऊ नका असं आवाहन केलं. पाण्यावर कचरा तरंगत होता तो सगळ्यांना दिसतच होता. गर्दी हटली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाणी पुन्हा खारट झाल्याचं लोक सांगू लागले. तोवर गुजरातेत वलसाडजवळच्या तिथलच्या किनाऱ्यावरही पाणी गोडं झाल्याच्या बातम्या आल्या, आणि 20-21 ऑगस्टला उत्तरेत मूर्ती दूध पिऊ लागल्याच्या.

हे प्रकरण आज आठवलं जातं ते हसण्यावारी नेण्यासाठी. त्यात दोन नुकसानं होतात. एक, त्या रात्री खाडीत नेमकं काय घडलं असावं हे समजून घ्यायचं राहून जातं. दुसरं, 'लोकांना सांगून काही उपयोग नसतो' हा निष्कर्ष पुरावा न तपासता पक्का होतो. हा निष्कर्ष चमत्काराच्या दाव्याइतकाच कच्चा आहे, आणि शहराच्या आरोग्याला त्याच्याहून कमी घातक नाही.

एका गाठीत तीन प्रश्न

पाणी खरंच कमी खारट झालं होतं का? झालं असेल तर कशामुळे? आणि ते पिण्याजोगं होतं का? हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत, त्यांची उत्तरं वेगवेगळ्या साधनांनी मिळतात आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. श्रद्धाळू माणूस ते एका दमात सोडवतो: गोडं आहे, म्हणजे कृपा आहे, म्हणजे पवित्र आहे, म्हणजे प्यावं. अशा वेळी विवेकवादी माणसाच्या तोंडून पटकन निघतं ते याच गाठीचं दुसरं टोक असतं: खाडी घाण आहे, चमत्कार होत नसतात, तेव्हा पाणी गोडं झालेलं असूच शकत नाही, हा सगळा मनाचा खेळ आहे.

इथेच पहिली हार होते. समोरच्या बाईने पाणी चाखलेलं असतं. तिच्या जिभेने दिलेली साक्ष तुम्ही न चाखता, न मोजता खोटी ठरवलीत, तर पुढे जंतूंबद्दल काहीही सांगा, ती ऐकणार नाही, आणि तिचं चूकही नाही. ज्याला साधी चव मान्य करता येत नाही, त्याच्यावर न दिसणाऱ्या जंतूंच्या बाबतीत तिने विश्वास का ठेवावा?

म्हणून पहिलं उत्तर आधी द्यायचं: हो, पाणी कमी खारट झालेलं असू शकतं. आणि ते मोजायचं.

खारटपणा मोजताना

समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्याच्या एका भागात नऊ भाग गोडं पाणी मिसळलं की 3.5 ग्रॅम उरतात, म्हणजे लिटरभर पाण्यात अर्धा चमचा मीठ. हे पाणी मचूळ लागतं. पण समुद्राच्या चवीची अपेक्षा ठेवून ओंजळ तोंडाला लावणाऱ्याला ते गोडंच वाटणार. चौतीस भाग गोडं पाणी मिसळलं तर लिटरला एकच ग्रॅम उरतो.

एवढं गोडं पाणी खाडीत येतं कुठून, असं वाटू शकतं. पण सगळी खाडी गोडी व्हायची गरजच नाही. मुंबईच्या तापमानाला गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा घनमीटरमागे सुमारे 25 किलोने हलकं असतं. ढवळणारं काही नसेल तर ते वर पसरतं आणि खाली खारं पाणी जसंच्या तसं राहतं. ओंजळ भरली जाते ती वरच्या चार बोटांतून.

हे घरात दाखवता येतं. एक लिटर पाण्यात 35 ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा आणि ते उभट पारदर्शक बरणीत अर्ध्यापर्यंत ओता. दुसऱ्या भांड्यातल्या साध्या पाण्यात खायचा रंग घाला. चमचा बरणीच्या काचेला टेकवून त्याच्या पाठीवरून हे रंगीत पाणी अगदी सावकाश सोडा. रंगीत थर वर स्पष्ट उभा राहतो. फसतं ते तीन कारणांनी: वरून धार धरली तर दोन्ही पाणी मिसळतात, जाडं मीठ तळाशी न विरघळता राहिलं तर खाऱ्या पाण्याची घनता पुरेशी वाढत नाही, आणि साधं पाणी फ्रिजमधलं आणि खारं गरम असेल तर फरक थोडा कमी होतो. दोन्ही पाणी एकाच तापमानाचं घ्या. स्वच्छ पाण्यात बनवलेल्या या वरच्या थरातलं चमचाभर पाणी चाखायला दिलं की माहीमच्या रात्रीचा निम्मा खुलासा झालेला असतो. खाडीचं पाणी मात्र चाखायचं नाही, प्रयोगासाठीसुद्धा.

किनाऱ्यावर मोजण्यासाठी घरगुती टीडीएस पेन, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं छोटं उपकरण, चालतो, पण त्याच्या खोडी माहीत हव्यात. बहुतेक पेनांची मर्यादा 9,990 पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅमच्या) आसपास असते. शुद्ध समुद्राचं पाणी त्यांच्या आवाक्याबाहेर जातं आणि पडद्यावर चुकीची खूण येते. तेव्हा 50 मिलिलिटरच्या सिरिंजने नमुना घ्या, त्यात 950 मिलिलिटर आरओचं पाणी घाला, येणाऱ्या आकड्यातून आरओच्या पाण्याचा आकडा वजा करा आणि 20 ने गुणा. पेन 1,780 दाखवत असेल आणि आरओचं पाणी 30, तर उत्तर 35,000. दुसरी खोड जास्त घात करते. अनेक पेन 999 च्या पुढे गेले की 'गुणिले 10' अशी बारीक खूण लुकलुकवतात आणि आकडा तीनच अंकी राहतो. 3,450 च्या जागी 345 वाचला की गोडं पाणी सापडल्याचा गाजावाजा होतो, तोही छायाचित्रासकट. नमुने दोन पातळ्यांवरचे घ्यायचे: पृष्ठभागाचा एक आणि गुडघाभर खोलीचा एक. दोन्हींत मोठा फरक निघाला तर थर आहे हे सिद्ध झालं. एकाच पातळीवरच्या दहा नमुन्यांपेक्षा ही जोडी जास्त सांगते.

भांगाची भरती

मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघते, शहराच्या पोटातून साधारण अठरा किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीत उतरते. पावसाळ्यात तिच्या वाटेने पावसाचं पाणी येतं, त्यातच बारमाही सांडपाणी. म्हणजे गोड्या पाण्याचा पुरवठा ऑगस्टमध्ये असतोच. मग एरवी थर का जाणवत नाही?

याचं उत्तर पंचांगात सापडतं, आणि कोळीवाड्यातल्या कुणालाही ते नवं नाही. 9 ऑगस्टला नारळी पौर्णिमा झाली होती, 16 ला जन्माष्टमी. म्हणजे 18 तारीख वद्य दशमीच्या सुमाराची, भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, उधाणाच्या भरतीला मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी साडेचार-पाच मीटर चढतं-उतरतं आणि खाडी मुळापासून घुसळून निघते. भांगाला ही चढउतार खूपच कमी असते, प्रवाह मंदावतात, आणि वर आलेलं गोडं पाणी खालच्या खाऱ्यात मिसळायला वेळ लागतो. नदीच्या मुखांवर भांगाला थर टिकतात आणि उधाणाला मोडतात, हे समुद्रविज्ञानात नीट अभ्यासलेलं आहे. तिथीच्या पाऊणपट हा कोकणातला जुना हिशेब लावला तर दशमीची भरती साडेसातच्या सुमाराची. संध्याकाळच्या भरतीनंतर रात्री ओहोटी लागली की खाडीच्या वरच्या अंगाला तुंबलेलं गोडं पाणी बाहेर सरकतं. सकाळी पुन्हा भरती येते, आणि दुपारी लोक म्हणतात पाणी खारट झालं. वेळा बऱ्यापैकी जुळतात.

आयआयटी मुंबईच्या भूशास्त्रज्ञांनी त्या वेळी वेगळं स्पष्टीकरण मांडलं होतं: किनाऱ्याजवळच्या खडकात साठलेलं, पावसाने भरत राहिलेलं भूजल दाबामुळे खडकाला भेग पडून समुद्रात बाहेर आलं आणि हलकं असल्यामुळे वर पसरलं. वर तरंगण्याचा भाग दोन्हींत सारखाच आहे. वाद फक्त पाणी आलं कुठून याचा. आमचा कल नदीकडे आहे, कारण नदी समोर वाहत होती आणि भेग गृहीत धरावी लागते. पण कल म्हणजे पुरावा नव्हे. निवाडा करता येतो: भूजलात सिलिका आणि रेडॉन जास्त सापडतात, गाळ जवळजवळ नसतो, मिठीच्या पाण्यात गाळ आणि अमोनिया भरपूर. त्या रात्री सील केलेल्या दहा बाटल्या प्रयोगशाळेत पोचल्या असत्या तर हा प्रश्न आठवड्यात सुटला असता.

आणि तो अजूनही तपासता येतो. भांगाचं स्पष्टीकरण बरोबर असेल तर दर श्रावण-भाद्रपदात, चार दिवस चांगला पाऊस झाल्यावर, अष्टमी ते दशमीच्या ओहोटीला माहीमच्या पृष्ठभागावरचा खारटपणा अमावास्या-पौर्णिमेपेक्षा ठळकपणे कमी निघायला हवा. नाही निघाला तर हे स्पष्टीकरण टाकून द्यावं लागेल. माहीम-वांद्र्याच्या कुठल्याही महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांत, एका पेनावर आणि दोरी बांधलेल्या बाटलीवर करता येईल असं हे काम आहे. हातमोजे घाला, पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका. पावसाळ्यातला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) याच वाटेने येतो.

गोडं आणि स्वच्छ

तिसरा प्रश्न जिवाचा आहे, आणि नेमका त्याच बाबतीत टीडीएस पेन दिशाभूल करतो. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचं गोडं पाणी मिळतं. ते वापरून झालं की सांडपाणी होतं, आणि ते सांडपाणीही गोडंच असतं. खाडीचं पाणी कमी खारट होणं याचा एक अर्थ असा होतो की त्यात शहरातून आलेल्या पाण्याचा वाटा वाढला. खारटपणा उतरला तेव्हा धोका वाढला असण्याची शक्यता जास्त. ही एकच गोष्ट त्या रात्री मोठ्या आवाजात सांगायला हवी होती.

कच्च्या सांडपाण्यात 100 मिलिलिटरमागे विष्ठेतले कोलिफॉर्म जंतू दहा लाख ते एक कोटी असणं नेहमीचं. त्याचा फक्त शंभरावा हिस्सा पाण्यात उतरला तरी दहा हजार ते एक लाख. समुद्रस्नानासाठीची मर्यादा 100 आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, 100 मिलिलिटरात ई. कोलाय एकही चालत नाही.

घरी नेलेल्या बाटलीवर लोक जे उपाय करतात तेही इथे पुरत नाहीत. फडक्याने गाळून गाळ जातो, जंतू जात नाहीत. तुरटीने पाणी नितळ दिसतं, एवढंच. क्लोरिनचे थेंब नळाच्या स्वच्छ पाण्याच्या हिशेबाने दिलेले असतात. सांडपाण्यातली सेंद्रिय घाण आणि अमोनिया तो क्लोरिन खाऊन टाकतात आणि जंतूंसाठी काही उरत नाही. उकळल्यावर जंतू मरतात, पण कारखान्यांच्या नाल्यांतून आलेले धातू आणि तेलं तशीच राहतात. बाटली ओतून देणं हा एकच उपाय.

तपासणीतही एक सापळा आहे. शाळांमधून वापरली जाणारी एच-टू-एस कुपी सोपी असते: पाणी भरायचं, 24 ते 48 तास ठेवायचं, काळं झालं तर विष्ठेचं प्रदूषण असल्याची शंका. पण खाडीच्या चिखलातला गंधक कुपीला आपोआप काळं करू शकतो, त्यामुळे खाडीच्या बाबतीत तिचा निकाल पुरावा म्हणून दाखवू नये. उद्या कुणी स्वच्छ किनाऱ्याच्या चिखलानेही ती काळी करून दाखवेल आणि तुमचं सगळं म्हणणं उडवून लावेल. निर्जंतुक बाटली, थोडी हवा राहील इतकी भरलेली, बर्फात ठेवून सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत, हाच रस्ता.

'आम्ही प्यायलो, काही झालं नाही'

हा युक्तिवाद दुसऱ्याच दिवशी सुरू होतो आणि तो फार पटतो. कॉलरा काही तासांत ते पाच दिवसांत दिसतो. टायफॉइडला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. ए प्रकारची कावीळ 15 ते 50 दिवसांनी उमटते. शनिवारी सकाळी ठणठणीत असलेला माणूस सप्टेंबरच्या मध्यात पिवळा पडला तर त्या ओंजळीची आठवण त्याला होणार नाही, डॉक्टरही विचारणार नाहीत. शिवाय ऑगस्ट हा मुंबईत पोटाच्या आजारांचाच महिना, तेव्हा वाढलेले रुग्ण गर्दीत मिसळून जातात. पिणाऱ्यांची यादी नसेल तर 'काही झालं नाही' आणि 'पुष्कळांना झालं' ही दोन्ही विधानं सारखीच निराधार. आपल्या बाजूचं म्हणून दुसरं विधान ठोकून देण्याचा मोह विवेकवाद्यांनी टाळलाच पाहिजे.

हताशेचे तीन आवाज

महापालिकेचं आवाहन योग्य होतं आणि गर्दीने ते मानलं नाही, एवढ्यावरून लोकांचं काही होऊ शकत नाही असा निष्कर्ष काढला जातो. अशा वेळी एक आवाज यंत्रणेचा असतो: सूचना दिली, आता लोक जाणोत. दुसरा शिकलेल्या घरांतला: या देशाचं असंच चालणार. तिसरा सौम्य आणि म्हणून जास्त धोकादायक: श्रद्धेच्या प्रांतात विज्ञानाने पाय ठेवू नये. तिघांचा परिणाम एकच होतो. किनाऱ्यावर जाऊन बोलायला कुणी उरत नाही.

त्या रात्रीचं शहर कसं होतं हेही ध्यानात घ्यायला हवं. वर्षापूर्वीच्या 26 जुलैला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला होता आणि हीच मिठी घराघरांत शिरली होती. पाचच आठवड्यांपूर्वी, 11 जुलैला, लोकलमध्ये सात स्फोट झाले. त्यातला एक माहीमला. अशा शहरात वेगवेगळ्या धर्मांची माणसं एका किनाऱ्यावर आनंदाने जमली, यात तुच्छ लेखण्यासारखं काहीच नाही. त्यांच्या हातातली बाटली काढून घ्यायची आहे, आनंद नव्हे.

सांगून उपयोग होतो याचा मोठा पुरावा आपल्याच देशात आहे. उत्तर प्रदेशात पोलिओच्या डोसाला अफवांमुळे विरोध झाला. तिथे हताश न होता घरोघरी गेलेल्या स्थानिक बायकांना, मशिदींतून आवाहन करणाऱ्या इमामांना सोबत घेतलं गेलं. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 चा, आणि मार्च 2014 मध्ये भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. माणसं तीच होती; बदलला तो सांगणारा आणि सांगण्याची पद्धत.

पहिले सहा तास

पुन्हा असं घडलं तर पहिल्या तासात दोन माणसं पेन, सिरिंज आणि आरओचं पाणी घेऊन किनाऱ्यावर हवीत, आणि मोजमाप लोकांसमोर व्हायला हवं. दुसऱ्या तासापर्यंत दर्ग्याचे विश्वस्त, कोळीवाड्याचे पाटील, सेंट मायकल चर्च आणि शीतलादेवी मंदिराची मंडळी यांच्याशी बोलणं झालेलं असावं. घोषणा पोलिसांच्या भोंग्यावरून होण्याआधी दर्ग्याच्या ध्वनिक्षेपकावरून व्हावी, मराठीत आणि हिंदुस्तानीत. मजकूर थोडका: "पाणी खरंच कमी खारट झालंय. नदीचं, पावसाचं पाणी वर तरंगतंय, आणि त्यातच गटाराचं पाणी आहे. पाहा, हात जोडा, पण पिऊ नका. घरी नेलेलं ओतून द्या." घोषणेत चमत्कार आहे की नाही याचा वाद नको; तो वाद सकाळी, बरणी आणि मीठ घेऊन, सावकाश करायचा.

गर्दीत उभ्या असलेल्या माणसाशी बोलताना प्रश्न विचारावा. "मावशी, हे कुणासाठी नेताय?" घरी आजारी नातू असेल तर पुढचं वाक्य आपोआप सुचतं: "त्याच्या पोटाला हे झेपणार नाही, त्याला नळाचं उकळून द्या. बाबांना तुम्ही केलेला नमस्कार तर पोचलाच आहे." यात तिच्या श्रद्धेवर घाव नाही आणि आपल्या बाजूने खोटंही नाही. टँकरचं स्वच्छ पाणी 'बाबांचं पाणी' म्हणून वाटावं, म्हणजे लोक खाडीकडे जाणार नाहीत, अशी चतुर सूचना कुणीतरी करतंच. ती मानू नये. जीव वाचवण्यासाठी फसवणूक केली तर पुढच्या वेळी आपल्या पेनावरचा आकडाही फसवणूकच ठरेल. स्वच्छ पाण्याचा टँकर जरूर उभा करावा, पण त्यावर महापालिकेचं पाणी असंच लिहिलेलं असावं.

बाटल्या विकायला कुणी बसला आणि रोग बरे होण्याची हमी देऊ लागला, तर मात्र समजावणीचा टप्पा संपतो. 2006 मध्ये हाताशी नसलेला कायदा आज आहे: डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 मध्ये झालेला महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं आणि लोकांना फसवणं त्याच्या अनुसूचीत येतं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. स्वतःहून प्यायला आलेल्या भाविकावर हा कायदा चालत नाही आणि चालवूही नये.

सहाव्या तासापासून किनाऱ्याजवळच्या दवाखान्यांत एक साधी वही सुरू करावी: जुलाब, ताप किंवा कावीळ घेऊन आलेल्याला खाडीचं पाणी प्यायलात का, कधी, किती, हे विचारून लिहायचं, आणि न प्यायलेल्या रुग्णांचीही नोंद ठेवायची, कारण तुलनेशिवाय आकड्याला अर्थ नाही. कावीळ पन्नास दिवसांपर्यंत येऊ शकते. 18 ऑगस्टची वही त्या हिशेबाने 7 ऑक्टोबरपर्यंत उघडी ठेवावी लागली असती.